बंद वाटेचा निरोप

दिवाळी जवळ आली की घरोघरी दोन याद्या होतात. एक फराळाची आणि दुसरी सहलीची. पहिल्या यादीचा विचार पंधरा दिवस आधीपासून चालू असतो. भाजणीत डाळी किती, अनारशांचे तांदूळ कधी भिजत घालायचे, चिवड्याला पोहे पातळ घ्यायचे की दगडी, यावर घरातले सारे वडीलधारे आपापले मत देऊन मोकळे होतात. दुसरी यादी मात्र लक्ष्मीपूजनाच्या रात्री पाने वाढता वाढता पाच मिनिटांत उरकते. "उद्या-परवा कुठे जायचे?" "बोरिवलीच्या उद्यानात!" "छे, त्यापेक्षा लोणावळा!" "त्याहून एखादा गड बरा!" की निघालीच मंडळी दशम्या, बटाट्याची भाजी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन.

आता फराळ बिघडला तर काय होते? चकली मऊ पडते, अनारसा तुपात हसतो, आणि जावा-जावांना चार दिवस बोलायला विषय मिळतो. सहल बिघडली तर मात्र तेवढ्यावर निभावत नाही. असे असून पहिल्या यादीवर पंधरा दिवस आणि दुसरीवर पाच मिनिटे, हा हिशेब मला कधीच पटला नाही.

मी शाळेत भूगोल शिकवीत असे. तीस वर्षांच्या नोकरीत दरवर्षी मुलांची एक तरी सहल माझ्या गळ्यात पडे. पन्नास मुले न्यायची आणि पन्नास परत आणायची, हे ज्याच्या अंगावर पडले आहे त्याला डोंगराकडे पाहण्याची एक वेगळीच दृष्टी येते. दुसऱ्यांना धबधबा दिसतो तेव्हा मला त्या धबधब्याच्या वर काय असेल ते दिसते. आमचे 'हे' म्हणतात, "तुझ्याबरोबर फिरायला जाणे म्हणजे विमा-कंपनीच्या माणसाबरोबर जाणे." म्हणोत बापडे! आज त्या तीस वर्षांतली थोडी शिदोरी वाचकांपुढे ठेवते आहे. विषय एवढाच, की वाटेवर 'बंद' अशी पाटी दिसली तर तिच्याशी कसे वागावे.

बांबूपलीकडचा ओढा

काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सकाळी माझी बहीण, तिचा कॉलेजात जाणारा मुलगा आणि त्याचे दोन मित्र यांच्याबरोबर मी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेले होते. एका वाटेच्या तोंडाशी आडवा बांबू बांधलेला होता आणि त्याला 'वाट बंद' असा पुठ्ठा लटकवलेला होता. आमचा भाचा लगेच म्हणाला, "मावशी, बांबूच तर आहे! खालून जाऊ." दोन्ही मित्र वाकलेसुद्धा.

जवळच झाडाखाली उद्यानाचा एक पहारेकरी छत्री टेकून उभा होता. मी त्याला विचारले, "का हो दादा, वाट बंद का केली?"

तो म्हणाला, "बाई, पुढे ओढा आहे. पहाटे मी पाहून आलो तर कमरेएवढा होता. आता उतरलाय, गुडघ्याएवढा असेल. पण वर तुळशीकडे बघा, काळं आलंय. तिकडे कोसळला की इथे यायला वेळ लागत नाही. तुम्ही पलीकडे जाल हो, पण परत कसे याल?"

भाचा निमूट झाला. त्याला 'बंद' या शब्दाचा राग आला होता. ओढ्याची हकिगत ऐकल्यावर रागाला जागाच उरली नाही. आम्ही कान्हेरीच्या डांबरी रस्त्याने चालू लागलो आणि दुपारी डबे खाऊन सुखाने घरी आलो.

त्या पहारेकऱ्याने मला जे शिकविले ते भूगोलाच्या कुठल्या पुस्तकात मला सापडले नव्हते. बंद वाट म्हणजे नुसती मनाई नव्हे. आपल्या आधी कोणीतरी तिथे जाऊन, पाहून आलेला असतो आणि त्याचा निरोप तो मागे ठेवतो. निरोप त्रोटक असतो, एका शब्दाचा. तो उलगडून घेणे हे आपले काम. आपण 'कसे जाता येईल?' असे विचारतो. विचारायला हवे ते 'का बंद आहे?' असे. हा एक प्रश्न विचारण्याची सवय लागली, की जिथे पाटी नाही तिथेही धोका ओळखता येऊ लागतो.

सामान्यपणे वाट चार कारणांनी बंद होते. पाणी, दरड, जनावरे आणि चौथे कारण म्हणजे खुद्द ती जागाच. एकेक पाहू.

वर पडते, खाली येते

सह्याद्रीतले ओढे आखूड आणि अंगाने उताराचे. माथ्यावर पडलेला पाऊस पायथ्याशी यायला काही ठिकाणी अर्धा तास पुरतो, काही ठिकाणी त्याहूनही कमी. जुलैपर्यंत माती पिऊन तृप्त झालेली असते आणि खालचा काळा कातळ पाणी पीत नाही, तेव्हा पडेल तेवढे सारे ओढ्यात उतरते. आपण खाली लख्ख उन्हात उभे असतो आणि पाणी वरच्या ढगाचे येते. फसगत होते ती इथे.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन भरते. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणूनच वेगाने धावणारे पाणी सहा इंच खोल असले तरी धडधाकट माणसाचे पाय उखडू शकते, आणि दोन फूट असले तर बहुतेक मोटारी वाहून नेते. "पोहता येते ना आम्हाला!" असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की अशा पाण्यात पोहणे हा प्रकारच नसतो. आपटणे मात्र असते, आणि तेही दगडांवर.

३० जून २०२४ चा रविवार अनेकांच्या स्मरणात असेल. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली ५ माणसे वाहून गेली. त्यांत लहान मुले होती. ती सारी प्रवाहाच्या मध्यावर एकमेकांना घट्ट धरून उभी असलेले चित्र देशभर लोकांनी पाहिले. त्यांना नावे ठेवणारेही पुष्कळ निघाले. मला तसे करवत नाही. पाणी कमी असताना आपल्यातल्या कितीकांनी त्याच दगडांवर उभे राहून भुट्टे खाल्ले आहेत! ते उतरले तेव्हा पाणी निराळे होते आणि काही मिनिटांनी निराळे झाले, एवढाच काय तो फरक. त्यानंतर पुणे जिल्ह्यात अशा जागी पाण्यात उतरण्यास मनाई करणारे हुकूम निघाले.

पाणी वाढण्याआधी काही खुणा दाखविते. कर्जतच्या बाजूला एका ओढ्याकाठी आम्ही बसलो असताना धुणे धुणारी एक बाई एकाएकी पिळे गोळा करू लागली आणि आम्हाला म्हणाली, "उठा बायांनो, पाणी गढुळलं." आम्ही काठ चढून वर गेलो. थोड्याच वेळात ती धुण्याची धोंड दिसेनाशी झाली. तेव्हापासून मी मुलांना चार खुणा पाठ करायला लावते. निवळ पाणी गढूळ होणे. पाण्यावर पाने, काटक्या, फेस येऊ लागणे. ओढ्याचा आवाज बदलणे. काठावरचा एखादा ओळखीचा दगड बुडू लागणे. यांतली एक जरी दिसली तरी सामानाचा मोह सोडून सरळ वर चढावे. काठाकाठाने खाली धावू नये. आणि पलीकडे अडकलोच तर ओलांडण्याची घाई करू नये. हे ओढे जसे झटकन चढतात तसे पाऊस थांबल्यावर झटकन उतरतातही. दोन-तीन तास भिजत बसावे लागले तर सर्दी होईल. त्यावर घरी काढा आहे.

पुलांचीही तीच कथा. १५ जून २०२५ च्या रविवारी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि ४ माणसे दगावली. पूल धोक्याचा असल्याची पाटी तिथे होती. पुलावर आपण एकटे असतो तेव्हा आपले वजन पूल पेलतो. शेकडो लोक एकाच वेळी उभे राहून पूर पाहू लागले म्हणजे मात्र सारा हिशेबच बदलतो. तेव्हा जुन्या पुलावर गर्दी दिसली की आपण तिच्यात भर घालू नये.

डोंगर कशाने सुटतो?

दुसरे कारण दरडीचे. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनला आहे. करंजीचे साटे एकावर एक ठेवावेत तसे हे थर. थराथरांत कुठे मऊ, लालसर मातीचा पदर आहे, कुठे भेगा आहेत. वरून कुजलेल्या दगडाची आणि मातीची जाड दुलई. पावसाचे पाणी या दुलईत मुरत जाते, ती जड होते, आणि खालच्या कातळावरची तिची पकड सुटते. मग आंबेगाव तालुक्यातल्या माळीणसारखे गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी दीडशेहून अधिक माणसांसह मातीखाली जाते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडी गेली, ती तर गिर्यारोहकांच्या आवडत्या इरशाळगडाच्याच कुशीत. त्या वाडीत कितीतरी शहरी मंडळींनी चहा घेतला असेल.

यातून सहलीपुरता धडा असा, की दरड पावसाबरोबरच येते असे नाही. पाऊस थांबून ऊन पडले तरी मुरलेले पाणी आत असतेच. म्हणून "आता तर उघडले आहे, मग घाट बंद का?" हा प्रश्न पुष्कळदा रागाने विचारला जातो, पण त्याचे उत्तर डोंगराच्या पोटात असते. सिंहगडाच्या घाटरस्त्यावर कितीदा तरी दरड येऊन रहदारी थांबविली गेली आहे. रायगडावर जुलै २०२४ मध्ये मुसळधार पावसाने पायऱ्यांवरून पाण्याचे लोट कोसळू लागले आणि वर गेलेले लोक अडकले. मग गड काही काळ लोकांसाठी बंद ठेवावा लागला. महाराजांचा गड आपल्यासाठी बंद, म्हणून कित्येकांना वाईट वाटले असेल. पण ज्यांनी तो वसविला त्यांनीच पावसाळ्याचा धाक बाळगून मोहिमांचा काळ दसऱ्यापासून धरला होता, हेही आपण विसरू नये.

दरडीच्याही खुणा आहेत. उतारावर नवी भेग पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी अचानक मातकट होणे, वरून बारीक खडे घरंगळू लागणे. अशा ठिकाणी मोटार उभी करून कड्याखाली फोटो काढण्याइतका दुसरा वेडेपणा नाही. घाटात दाट धुके किंवा पाऊस असेल तर थांबावे ते मोकळ्या सपाट जागी, तासलेल्या डोंगराच्या पायाशी नव्हे.

यजमानांच्या घरी

बोरिवलीचे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीत पन्नासच्या घरात बिबटे राहतात, ही गोष्ट जगातल्या फार थोड्या शहरांना सांगता येईल. त्यांच्या जंगलातच विहार आणि तुळशी हे तलाव आहेत. पहिला १८६० साली पुरा झाला आणि दुसरा १८७९ साली. मुंबईकरांच्या घागरीत त्यांचेही पाणी येते. दहिसर आणि मिठी या नद्या याच डोंगरातून निघतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा या लहानशा नद्यांनी काय केले ते मुंबईला सांगायला नको.

२००४ साली या उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. पुढे अभ्यासकांनी, वनखात्याने आणि नागरिकांनी मिळून लोकांना समजावण्याचे मोठे काम केले. त्याचे सार आमच्या आजीच्या शब्दांत सांगायचे तर 'दुसऱ्याच्या घरी दिवेलागणीनंतर जाऊ नये' असे. बिबट्या काळोखाचा प्राणी. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची वर्दळ असते. उद्यान ठरल्या वेळी बंद होते ते पहारेकऱ्याला घरी जायचे असते म्हणून नव्हे. तेव्हा तिथे दुसऱ्यांची पाळी सुरू होते.

मुलांना मध्ये ठेवून घोळक्याने चालावे. एकटे मूल पुढे धावू देऊ नये. झुडपाआड वाकून बसणारा माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही, म्हणून मुलांना लघवीला एकटे पाठवू नये. बिबट्या दिसलाच तर पाठ फिरवून पळू नये. ताठ उभे राहावे, मोठ्याने बोलावे, आणि त्याला जायला वाट ठेवून हळूहळू मागे सरावे. उरलेले अन्न टाकू नये. खरकट्यावर कुत्री येतात, आणि कुत्रा हे तिथल्या बिबट्याचे आवडते भक्ष्य आहे. म्हणजे आपण टाकलेल्या पोळीच्या तुकड्याने बिबट्यालाच आवतण जाते. माकडांना खाऊ घालणारे भाविक तर आपल्याच मुलाच्या हातातली पिशवी हिसकावण्याचे शिक्षण त्यांना देत असतात.

साप दिसला तर त्याला जाऊ द्यावे. चावला तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. चावलेला भाग हलू न देता रुग्णाला शक्य तितक्या लवकर जेथे सर्पविषावरची लस मिळेल अशा सरकारी रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे घालविलेली घटका परत मिळत नाही.

आणखी एक. राष्ट्रीय उद्यान ही बाग नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तिथे मनाला येईल त्या वाटेने शिरणे हा गुन्हा ठरतो. काही वाटा परवानगी घेऊन आणि वाटाड्या बरोबर घेऊनच चालायच्या असतात. वाटाड्याचे पैसे काहींना जड वाटतात. पण तो स्थानिक माणूस असतो, दहा ठिकाणी थांबवून जे दाखवितो ते आपण एकट्याने चालत गेलो असतो तर दिसलेच नसते.

जागेला विश्रांती

चौथे कारण आपल्या जिवाशी निगडित नसते, म्हणून ते सर्वांत कमी पटते. ताडोबाच्या जंगलाचा गाभा दरवर्षी १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. साताऱ्याजवळच्या कास पठारावर दिवसाला ठरावीक माणसांनाच सोडतात. हे पठार २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि गर्दी उसळली. पण तिथे जांभ्या दगडावर मातीचा थर किती? कुठे कुठे बोटभर! त्या बोटभर मातीवर सारी फुले उभी असतात. एका माणसाने फोटोसाठी चार पावले आत टाकली तर फारसे बिघडत नाही. त्याच्यामागून चारशे जणांनी तीच पावले टाकली की तिथे पायवाट होते आणि पुढच्या वर्षी तिथे फूल नसते.

कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. बोरिवलीच्या डोंगरावरही ती आहे. तिचे रोप तुडविणारा माणूस एका क्षणात सात वर्षांची वाट पाहणे मातीत घालवितो. आपल्याकडे गरोदर बाईच्या खोलीत कोणी गडबड करीत नाही. तीच रीत इथे पाळायची. 'बंद' म्हणजे इथे 'आत कोणी विश्रांती घेत आहे' असे समजावे.

पाटीचेही चुकते

आता दुसरी बाजू. सारा दोष लोकांच्या माथी मारणे सोपे असते, पण ते न्यायाचे नाही. कित्येक जागी पाटी गंजून तिच्यावरचे अक्षर लागत नाही. तीन वर्षांपूर्वी लावलेली पाटी वाट दुरुस्त झाल्यावरही तशीच असते. कारण नाही, तारीख नाही, कोणाला विचारायचे ते नाही. मी एकदा एका डोंगरावर 'धोका' एवढेच लिहिलेली पाटी पाहिली. धोका कशाचा? कड्याचा, मधमाश्यांचा, की पाटी लिहिणाऱ्याच्या अक्षराचा? अशा पाटीने माणूस सावध होत नाही; सगळ्याच पाट्यांकडे कानाडोळा करायला मात्र शिकतो. पहारेकऱ्याने सांगितले ते दोन वाक्यांत पाटीवर लिहिता येणार नाही काय? 'ओढ्याला पाणी आहे. परतीची वाट बुडते.' आणि खाली तारीख. बस्स!

सरसकट बंदी आली की ज्यांचे पोट पर्यटकांवर आहे त्या भजी-कणसे विकणाऱ्यांची चूल विझते, हेही खरे. पण बंदी मोडल्यावर शोध घ्यायला कोण उतरतो? गावातली तीच तरुण पोरे. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र' या मंडळाचे स्वयंसेवक आपापले कामधंदे सांभाळून दऱ्यांत उतरतात, वाहून गेलेल्यांना शोधतात. आपण बांबूखालून वाकून जातो तेव्हा आपलाच जीव पणाला लावतो असे नव्हे. आपल्याला शोधायला येणाऱ्या कोणा आईच्या मुलाचाही लावतो.

घरातला नकार

इतके सगळे ठाऊक असूनही माणसे पुढे का जातात? माझा अनुभव असा, की घोळक्यात प्रत्येकाला आतून थोडी भीती वाटत असते. पण रंगाचा बेरंग करणारा पहिला कोणी होत नाही. नणंदेला वाटते भावजय घाबरट म्हणेल, जावयाला वाटते सासुरवाडीपुढे हसे होईल, आजोबांना वाटते मुले इतक्या लांब आली, आता कसे सांगू? असे सहा जण एकमेकांच्या भिडेखातर अशा ठिकाणी जातात जिथे त्यांतला एकही एकटा गेला नसता.

यावर आमच्या घरात एक तोडगा आहे. निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही एकाला 'नाही म्हणणारा' नेमतो. त्याने "परत" म्हटले की परत. कारण विचारायचे नाही, वाद घालायचा नाही, घरी आल्यावर टोमणा मारायचा नाही. मागच्या खेपेला हे पद माझ्या दहा वर्षांच्या नातीकडे होते. गडाच्या अर्ध्या वाटेवर तिने आभाळाकडे पाहिले आणि म्हणाली, "आजी, परत." आमचे चिरंजीव जरा कुरकुरले, पण सूनबाईंनी लगेच पाठ फिरविली. त्या दिवशी पाऊस मुळीच पडला नाही! तरी कोणी तिला बोलले नाही. दहा वेळा उगीच परत आलो तर दहा रविवार गेले. एकदा परतायचे राहिले तर किती गेले याचा हिशेब कोण देणार?

याच्या जोडीला दुसरी जागा आधीच ठरवून ठेवावी. धबधबा बंद असेल तर अमुक देऊळ, गड बंद असेल तर पायथ्याचे गाव आणि तिथली पिठले-भाकरी. परतणे म्हणजे हार, असे मुलांना वाटता कामा नये. आणि कुठे चाललो, कितीपर्यंत येऊ, हे घरी किंवा शेजारी सांगून जावे. डोंगरात मोबाईलला रेंज असतेच असे नाही. असेल तेव्हा कुठल्याही संकटात ११२ आणि वनखात्यासाठी १९२६ हे क्रमांक लागतात, ते मुलांनाही पाठ असावेत.

या दिवाळीत

शेवटी या दिवसांपुरते चार शब्द. पाऊस ओसरलेला असला तरी ऑक्टोबरच्या दुपारी वीज-गडगडाट होतो. वीज दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर आहे ते कळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर माथा, बुरूज आणि एकटे झाड सोडून खाली यावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर चढू नये.

पावसाळा सरला की कड्यांवर आग्या मोहोळे लटकू लागतात. त्यांच्या खाली धूर करू नये, दगड मारू नये, फटाके तर दूरच राहोत. उग्र अत्तर लावून जाऊ नये. माश्या उठल्याच तर हातवारे न करता तोंड ओढणीने किंवा टॉवेलने झाकून सरळ दूर पळावे आणि बंद जागेत शिरावे.

शेवाळलेल्या पायऱ्या वाळल्यासारख्या दिसतात, पण सावलीत अजून निसरड्या असतात. दिवस लहान झालेले असतात; सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून परतीची वेळ चढण्याआधी ठरवावी. आणि बोरिवलीला जाणार असाल तर सोमवारी जाऊ नका. त्या दिवशी उद्यानाला सुट्टी असते. बाकीच्या दिवशी कान्हेरीला अवश्य जा. शंभराहून अधिक लेणी आहेत तिथे. ती पाहताना कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढ्या मुलांना जरूर दाखवा. पावसाळाभर डोंगरात राहणाऱ्या त्या भिक्षूंनी पाण्याला वाट करून दिली, त्याला साठवून घेतले, आणि शतकानुशतके तिथे सुखाने वस्ती केली. डोंगराशी जमवून कसे घ्यावे याचा धडा म्हणाल तर तो कातळातच कोरलेला आहे.

वाटेत कुठे आडवा बांबू दिसला तर क्षणभर थांबून जवळच्या माणसाला विचारा, "का हो, बंद का?" तो सांगेल ते मुलांसमक्ष ऐका. त्या दिवशी मुलांचा धबधबा कदाचित हुकेल, पण एक प्रश्न त्यांच्या पदरी पडेल. पुढे आपण बरोबर नसताना तोच त्यांना घरी परत आणील.